उडणाऱ्या छपरांचे अर्थशास्त्र

3 जून 2020 रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ श्रीवर्धनच्या परिसरात किनाऱ्यावर आले, तेव्हा बाणकोटच्या खाडीच्या दक्षिणेस असलेला मंडणगड तालुका त्याच्या मार्गाच्या उजव्या अंगास सापडला. उत्तर गोलार्धात चक्रीवादळाच्या उजव्या बाजूस वाऱ्याचा जोर सामान्यतः अधिक असतो. मंडणगड आणि दापोली या तालुक्यांनी तो पुरेपूर अनुभवला. आंबा, काजू, नारळ, सुपारी यांच्या बागा आडव्या झाल्या. घरांवरील कौले आणि पत्रे उडाले. या हानीची चर्चा पुष्कळ झाली आणि ती व्हावयासच हवी होती. तथापि या पट्ट्यात कलमे-रोपे वाढविण्यासाठी उभारली जाणारी हरितगृहे आणि शेडनेटच्या मांडण्या यांच्याविषयी जो मूलभूत प्रश्न त्या वादळाने विचारला, त्याचे उत्तर अद्याप नीट दिले गेलेले नाही.

हा प्रश्न चार हौशी बागायतदारांचा नाही. 1972 मध्ये दापोलीस कृषी विद्यापीठ स्थापन झाले आणि 1990 मध्ये रोजगार हमीशी निगडित फळबाग योजना आली. त्यानंतर कोकणात लागवडीबरोबर कलमांची मागणीही वाढली. ज्या तालुक्यातील कर्ता पुरुष पिढ्यान्‌पिढ्या मुंबईची वाट धरीत आला, तेथे दहा गुंठ्यांत घर चालवू शकेल असा रोपवाटिकेसारखा धंदा क्वचितच आढळतो. शिवाय या धंद्याचे सारे भांडवल मृगाच्या तोंडाशी विक्रीस तयार होऊन उभे असते. वादळ जूनच्या आरंभी आले म्हणजे छप्पर जाते आणि त्याखालचा वर्षाचा मालही जातो.

हरितगृहे उडतात याचे कारण दैवापेक्षा गणितात अधिक आहे. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी 55 किलोमीटर वेगाचा वारा एका चौरस मीटरवर सुमारे 14 किलोचा दाब देतो. वेग दुप्पट, म्हणजे 110 किलोमीटर झाला की हाच दाब सुमारे 57 किलो होतो. ‘निसर्ग’चा वेग याच्या आसपास होता. यातील निम्माच भाग छप्पर वर उचलण्यात खर्ची पडतो असे धरले, तरी 24 मीटर रुंद व 40 मीटर लांब अशा, म्हणजे 960 चौरस मीटरच्या, हरितगृहावर जवळजवळ 27 टनांची उचल लागते. लोखंडी नळ आणि प्लास्टिकचा कागद यांचा तो सांगाडा स्वतःच्या वजनाने इतकी उचल रोखू शकत नाही. घराचा पाया प्रामुख्याने घराचा भार पेलण्यासाठी असतो. हरितगृहाचा पाया मात्र ते जमिनीशी धरून ठेवण्यासाठी लागतो, आणि बांधकामाच्या वेळी नेमका हाच फरक विसरला जातो.

खांबांची मांडणी आठ मीटर बाय चार मीटरची असेल, तर मधल्या प्रत्येक खांबाच्या वाट्यास 32 चौरस मीटर छप्पर, म्हणजे सुमारे 900 किलोची उचल येते. तीस सेंटिमीटर व्यासाच्या आणि पाऊण मीटर खोलीच्या खड्ड्यात ओतलेल्या काँक्रीटचे वजन जेमतेम सव्वाशे किलो भरते. उरलेला भार मातीच्या पकडीवर सोडलेला असतो आणि वादळी पावसात भिजलेली भरावाची माती ही पकड सैल करते. प्रत्येक खांबाखाली आणखी पाव घनमीटर काँक्रीट घातले तर 600 किलोची भर पडते. अशा हरितगृहास 44 खांब लागतात. म्हणजे एकूण 11 घनमीटर काँक्रीट जादा. हा खर्च एकदाच करावा लागतो.

मग तो केला का जात नाही? याचे उत्तर शेतकऱ्याच्या अज्ञानात शोधणे अन्यायाचे होईल. ते अनुदानाच्या रचनेत आहे. एकात्मिक फलोत्पादन विकास अभियानाच्या 2014 च्या निकषांनुसार या आकाराच्या, नैसर्गिक वायुवीजनाच्या हरितगृहास चौरस मीटरला 935 रुपये खर्च मान्य होता आणि त्याच्या निम्मे अनुदान होते. म्हणजे वरील उदाहरणात सुमारे नऊ लाखांपैकी साडेचार लाख. डोंगराळ प्रदेशासाठी 15 टक्के अधिक खर्च मान्य करण्यात आला होता. वादळी किनाऱ्यासाठी मात्र त्या दरपत्रकात वेगळी ओळ नव्हती. दर क्षेत्रफळावर ठरला की ठेकेदार साहजिकच जमिनीखालच्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या भागात काटकसर करतो. बांधकामावरील वाऱ्याच्या भाराविषयीच्या भारतीय मानकानेही 2015 च्या आवृत्तीत चक्रीवादळासाठी विशेष गुणक सांगताना पूर्व किनारा आणि गुजरात यांचाच विचार केला. ‘फयान’ नोव्हेंबर 2009 मध्ये, ‘निसर्ग’ 2020 मध्ये आणि ‘तौक्ते’ मे 2021 मध्ये, अशी बारा वर्षांत तीन वादळे अनुभवलेल्या कोकणास हे वर्गीकरण कसे मान्य व्हावे?

हानीनंतरच्या मदतीची कथा याहून निराळी नाही. ‘निसर्ग’नंतर राज्य शासनाने फळबागांची मदत हेक्टरी 50 हजार रुपयांपर्यंत, दोन हेक्टरांच्या मर्यादेत, वाढविली. ती वाढ स्वागतार्हच होती. परंतु हेक्टर हे माप बागेचे आहे. तेच माप 960 चौरस मीटरच्या हरितगृहास लावले, तर हाती 4,800 रुपये येतात. नऊ लाखांची मालमत्ता आणि पाच हजारांची भरपाई यांमधील दरी विम्यानेच भरून निघू शकते, आणि भक्कम पायाचा दाखला असल्यावाचून विमा परवडण्याजोगा होणार नाही. यास्तव अनुदानाचा शेवटचा हप्ता पायाची आणि ताणांची तपासणी झाल्यावरच द्यावा, वाढीव पायाचा खर्च किनारी तालुक्यांसाठी मान्य खर्चात धरावा आणि पहिल्या काही वर्षांचा विमा त्यातच समाविष्ट करावा. भरपाईवर पुनःपुन्हा होणाऱ्या खर्चाच्या मानाने हा भार सरकारी तिजोरीस जड जाऊ नये.

शासनाची वाट न पाहता करता येण्याजोगेही पुष्कळ आहे. मोडलेले हरितगृह दुरुस्त करताना नवा कागद चढविण्याची घाई होते. वस्तुतः कागद हे शेवटचे काम आहे. प्रथम प्रत्येक खांब ओळंब्यात आहे की नाही आणि पायात हलतो की काय, हे पाहावे. वाकलेला नळ ठोकून सरळ केला तरी त्याची मूळ ताकद परत येत नाही, तो बदलावा. जोड नट-बोल्टचे असावेत, कारण वेल्डिंगने जस्ताचा थर जळतो आणि खाऱ्या हवेत गंज तेथूनच सुरू होतो. टोकांच्या गाळ्यांत तिरपे ताण द्यावेत. जेथे जांभा वर आलेला आहे तेथे उथळ खड्ड्यावर समाधान न मानता कातळात भोक पाडून सळई सिमेंटने पक्की करावी. अखंड कातळासारखा आधार दुसरा नाही. वारा अडविणारी झाडे लावावीत, पण ती पडली तरी छपरावर येणार नाहीत इतक्या अंतरावर. वादळाची सूचना मिळताच शेडनेट उतरवून ठेवावी आणि हरितगृहाचे पडदे व दारे बंद करावीत, कारण आत शिरलेला वारा छपरास खालून रेटतो. सांगाडाच जाण्याची वेळ आली, तर कागद कापून वाऱ्यास वाट द्यावी. कागद काही वर्षांनी बदलावाच लागतो. सांगाडा मात्र दीर्घकाळाचे भांडवल आहे.

कोकणी माणसास हा विचार परका नाही. आगोटीपूर्वी घर शाकारणे, फुटकी कौले बदलणे, वासे-रिपा तपासणे हा येथल्या संसाराचा वार्षिक खर्च होता आणि ‘यंदा गळले नाही’ म्हणून तो कोणी टाळीत नसे. अर्थशास्त्र ज्यास घसारा म्हणते, त्याची तरतूद आपल्या आज्या-पणज्या न चुकता करीत असत. हरितगृह आले ते सरकारी योजनेतून, आणि योजनेत शाकारणीचा रकाना नव्हता. तो आता बागायतदाराने आपल्या वहीत, बँकेने आपल्या कर्जप्रकरणात आणि शासनाने आपल्या निकषांत घालावयास हवा.