नोंद नसलेले दुखणे

केसपेपरवर जे लिहिलेले नाही, ते दुसऱ्या डॉक्टरच्या लेखी घडलेलेच नसते. वैद्यकीच्या विद्यार्थीदशेत हे आमच्या मनावर बिंबविले गेले. समाजाच्या दुखण्यांचेही तसेच असते, हे मात्र फार उशिरा उमगले. एसेक्स विद्यापीठातील 'यूके डेटा अर्काइव्ह'चा परिचय झाल्यावर.

कोल्चेस्टर येथे १९६७ साली स्थापन झालेल्या या संस्थेत देशोपयोगी सर्वेक्षणांची मूळ उत्तरे जतन केली जातात. व्यक्तीची ओळख उघड होऊ नये म्हणून दक्षता घेतली जाते. अतिसंवेदनशील सामग्री केवळ मान्यताप्राप्त संशोधकांनाच सुरक्षित यंत्रणेतून पाहता येते. काम रुक्ष खरे. पण फळ पाहा. मार्च १९५८ मधील एका आठवड्यात ब्रिटनमध्ये जन्मलेल्या सुमारे १७ हजार बालकांची नोंद झाली. गरोदरपणी धूम्रपान करणाऱ्या मातांची बाळे वजनाने कमी भरतात, हे दाखविण्यात त्या नोंदीचा मोठा वाटा आहे. ती बालके आता साठी उलटून गेली, तरी त्यांचा पाठपुरावा सुटलेला नाही, आणि ती सामग्री याच भांडारात आहे. आम्ही गरोदर स्त्रीला सिगारेट सोडण्यास सांगतो तेव्हा त्या अनोळखी मातांचे ऋण आमच्यावर असते.

आता आपल्याकडे वळू. २०१० च्या समानता कायद्यात जातीच्या समावेशाला वाव ठेवला गेला. त्याच वर्षीच्या शासकीय अहवालात येथील जातिभेदाचा पुरावा नोंदला गेला. परंतु तो मुलाखतींवर आधारलेला होता, किती जणांना झळ पोहोचते हे सांगणारा नव्हता. २०१३ साली संसदेने ही तरतूद बंधनकारक केली, आणि जुलै २०१८ मध्ये सरकारने न्यायालयीन निर्णयांवर भिस्त ठेवून ती बाजूस सारण्याचे जाहीर केले. संख्येचा पुरावा हाती असता तर निर्णय बदललाच असता, असा आमचा दावा नाही. पण हात रिकामे होते, हे खरे.

२०२१ च्या जनगणनेत इंग्लंड व वेल्समध्ये सुमारे २ लाख ७३ हजार बौद्ध नोंदले गेले. वांशिक गटाशी मेळ घातल्यास त्यांतील भारतीय वेगळे काढता येतात. मात्र कामाच्या ठिकाणी आडनावावरून कोणाची चौकशी झाली, हे त्यातून कळणार कसे?

"आम्ही जात सोडली, मग पुन्हा कागदावर कशाला?" हा आक्षेप आम्हाला मनापासून समजतो. परंतु प्रश्न तुमची जात कोणती हा नसून, तुमच्याशी इतर कसे वागले हा आहे. अस्पृश्यतेच्या उगमावरील १९४८ च्या ग्रंथात बाबासाहेबांनी जनगणनेतील कसोट्याच पुराव्यादाखल मांडल्या होत्या.

आमच्याही घरी एकदा सर्वेक्षणाचे पत्र आले होते. रात्रपाळीहून परतलेल्या आम्ही ते न उघडताच रद्दीत टाकले. डॉक्टर म्हणवून घेणाऱ्याने असे करावे!

आमची सूचना एवढीच: अशा पत्रांना उत्तर द्यावे, आणि संघटनेने वडीलधाऱ्यांच्या मुलाखती त्यांच्या लेखी संमतीने ध्वनिमुद्रित कराव्यात. संमतीचा कागद आधीच घ्यावा लागतो. तो नसल्यास भांडाराचे दार बंद. गेल्या दोन वर्षांत पहिल्या पिढीतील तिघांना आपण निरोप दिला. त्यांपैकी एकाचाही आवाज आपल्याजवळ नाही.