३०० शब्दांचा निबंध आणि आपला राग

१९ मे २०२४ च्या पहाटे पुण्याच्या कल्याणीनगरात भरधाव पोर्शे गाडीने दुचाकीला उडवले. दोन तरुण अभियंत्यांचा जीव गेला. चालवणारा १७ वर्षांचा. बाल न्याय मंडळाने त्याला जामीन देताना अपघातांवर ३०० शब्दांचा निबंध लिहायला सांगितला आणि देशभर संताप उसळला. आपल्या तिंट्यावरही तेच ऐकू आले: १८ ची अट काढा, या पोरांना मोठ्यांच्या तुरुंगात टाका.

राग मलाही आला. पण तो कायद्यावर काढण्यात अर्थ नाही, असे माझे मत आहे. दिल्लीतील २०१२ च्या अत्याचारानंतर जो क्षोभ झाला, त्यातूनच २०१५ चा बाल न्याय कायदा आला. किमान ७ वर्षे शिक्षेचा गुन्हा १६ ते १८ वयाच्या मुलाने केला, तर त्याच्यावर प्रौढांसारखा खटला चालवण्याची वाट त्यात आहेच. पुण्याच्या प्रकरणात पोलिसांची तशी मागणी मंडळाने जुलै २०२५ मध्ये फेटाळली. रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून मात्र अटक झाली ती पालकांना आणि डॉक्टरांना. मुलांचे वय खाली आणून मोठ्यांचे हे उद्योग कसे थांबणार?

श्रीमंताच्या मुलाला चांगला वकील कुठल्याही कायद्यात मिळेल. मार बसेल तो म्हापशाच्या बाजारात मोबाईल चोरताना सापडलेल्या पोराला, ज्याच्या जामिनाला कोणी उभे राहत नाही. आज असा मुलगा मेरशीच्या अपना घरात जातो. तिथे त्याला शिक्षण, समुपदेशन आणि हातात एखादे काम मिळावे, ही कायद्याची अपेक्षा. त्याचे नाव छापायचे नाही आणि गुन्ह्याचा डाग पुढे नोकरीआड येऊ द्यायचा नाही, हेही कायदाच सांगतो.

गोव्याने २००३ मध्ये मुलांसाठी स्वतंत्र कायदा केला, याचा आपल्याला अभिमान आहे. मग आपल्या आमदारांना विचारूया: अपना घरात समुपदेशक किती, सुटलेल्या मुलाची पुढे विचारपूस कोण करतो? आणि स्वतःलाही विचारूया. तिथून सुटलेला, १८ पूर्ण केलेला मुलगा उद्या आपल्या गॅरेजात काम मागायला आला, तर आपण त्याला ठेवून घेऊ का?