लुटूपुटूचा कारखाना आणि खरा कामगार

औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत खऱ्या कारखान्याची प्रतिकृती उभारून शिकवावे, असा आग्रह आज धरला जात आहे. त्याला विरोध करण्याचे कारण नाही. खऱ्या यंत्रावर चूक झाली तर माल वाया जातो, प्रसंगी बोटही जाते. वेल्डिंगच्या सिम्युलेटरवर मात्र विद्यार्थी चूक करून ती स्वतः शोधू शकतो. स्वावलंबी शिक्षणाचा आरंभ येथूनच होतो.

प्रश्न आहे तो प्रतिकृती कशाची करावयाची, हा. निदेशकाने नकाशा द्यावा, विद्यार्थ्याने त्याबरहुकूम जॉब घासावा आणि माप जुळताच गुण पदरात पाडून घ्यावेत, ही कारखान्याची नव्हे, आज्ञाधारकतेची प्रतिकृती झाली. विद्यार्थ्यांच्या गटाने कामाचा क्रम, हत्यारे व वेळ स्वतः ठरवावी, जॉब स्वतः तपासावा; निदेशकाने उत्तर न देता प्रतिप्रश्न करावा. मग तो खर्चाचा हिशेबही मांडू लागेल: पोलाद किती, वीज किती, यंत्राची झीज किती, मजुरी किती, आणि उरलेले कोणाच्या खिशात?

हजेरीपट, वेतनचिठ्ठी, अपघाताची नोंद, वाटाघाटीची बैठक हेही कारखान्याचेच भाग आहेत. ते नेमके वगळले जातात. २००७-०८ साली सुरू झालेल्या सरकारी-खासगी भागीदारी योजनेने संस्थांच्या व्यवस्थापन समित्यांचे अध्यक्षपद उद्योगपतींच्या प्रतिनिधींकडे दिले. शिकाऊ उमेदवार हा प्रशिक्षणार्थी असून कामगार नव्हे, असे १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा सांगतो. तेव्हा खऱ्या कारखान्यात पाऊल टाकल्यावरही हक्कांची ओळख त्याला कोण करून देणार?

हा शिक्षणात राजकारणाचा शिरकाव आहे, अशी ओरड होईल. परंतु मालकाची गरज तेवढी शिकवावी आणि कामगाराचा हक्क वगळावा, हेही राजकारणच नव्हे काय? १९३७ च्या वर्धा परिषदेने हस्तव्यवसाय शिक्षणाच्या केंद्रस्थानी आणला, तो मुलांचे कुशल हात कोणाला तरी पुरविण्यासाठी नव्हे. श्रम करणाऱ्याने विचारही करावा, यासाठी.

म्हणून कार्यकर्त्यांनी आपल्या तालुक्यातील संस्थेत जाऊन तीन मागण्या लावून धराव्यात: निदेशकांची रिक्त पदे भरा, सरावाला पुरेसा कच्चा माल द्या, आणि लुटूपुटूच्या कारखान्यात कामगार संघटनेलाही जागा द्या. यंत्र चालविणाऱ्या हाताला हिशेब विचारणारे डोके लाभल्यावाचून शिक्षण पुरे होत नाही.