भूक मारणाऱ्या वनौषधी : पुरावा किती, प्रचार किती?

गुडघे दुखू लागले की 'वजन कमी करा' हा सल्ला ज्येष्ठांना हमखास मिळतो. गंगेवर फेरफटका मारणे झेपत नाही, जेवणावर ताबा राहत नाही. मग मुलगा किंवा सून मायेपोटी 'नैसर्गिक, दुष्परिणाम नसलेल्या' भूक कमी करणाऱ्या कॅप्सूल घरपोच मागवते. वाचकहो, डबी उघडण्यापूर्वी पुरावा तपासू या.

अशा कॅप्सूलमध्ये वापरली जाणारी एक वनस्पती आपल्याकडचीच आहे : माकडशेंगुळी, अर्थात कॅरालुमा. कोरड्या, खडकाळ जागी वाढणारी ही मांसल वनस्पती दुष्काळात पोटाला आधार म्हणून खाल्ली जाई. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बंगळुरू येथील अभ्यासात ५० प्रौढांना ६० दिवस तिचा अर्क अथवा औषधविरहित कॅप्सूल देण्यात आली. अर्क घेणाऱ्यांची भूक आणि कंबरेचा घेर कमी झाला. परंतु दोन्ही गटांच्या वजनात ठोस फरक आढळला नाही. शिवाय सहभागी २५ ते ६० वयाचे होते. सत्तरी ओलांडलेल्यांविषयी त्यावरून काहीच सांगता येत नाही.

दुसरी वनस्पती गार्सिनिया कंबोजिया, म्हणजे आपल्या कोकमाची बहीण. १९९८ च्या अमेरिकन अभ्यासात १३५ जणांना १२ आठवडे कमी उष्मांकाचा आहार दिला. गार्सिनिया घेणाऱ्यांचे वजन सरासरी ३.२ किलो घटले, तर औषधविरहित कॅप्सूल घेणाऱ्यांचे ४.१ किलो. म्हणजे काम केले ते आहाराने! याच अर्काच्या सेवनानंतर काहींच्या यकृतास गंभीर इजा झाल्याच्याही नोंदी आहेत. जेवणातल्या सोलकढीचे भय मात्र बाळगू नये. अन्नातील प्रमाण आणि संहत अर्क यांत मोठे अंतर आहे.

याहून मोठा धोका भेसळीचा. सिब्युट्रामिन या भूक मारणाऱ्या औषधाने हृदयविकाराचा झटका व पक्षाघात यांचे प्रमाण वाढते, हे हृदयविकाराची जोखीम असलेल्या, पंचावन्न वर्षांवरील सुमारे दहा हजार व्यक्तींच्या अभ्यासात दिसले. भारतात २०११ मध्ये त्यावर बंदी आली. तरीही अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाला 'हर्बल' म्हणून विकल्या जाणाऱ्या उत्पादनांत ते वारंवार सापडले आहे. म्हणून एखाद्या वनौषधीने भूक झपाट्याने मेली, तर आनंदापेक्षा संशय आधी यावा.

उतारवयात भूक मारणे मुळातच जोखमीचे. जेवण घटले आणि मधुमेहाच्या गोळ्या तेवढ्याच राहिल्या, तर साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. अपुऱ्या प्रथिनांमुळे चरबीबरोबर स्नायूही झिजतात आणि तोल जाऊन पडण्याची भीती वाढते.

शुश्रूषा करणाऱ्यांनी इतके करावे : घरात अशी डबी असल्यास ती डॉक्टरांना दाखवावी. कॅप्सूल सुरू असताना डोळे पिवळे झाले, लघवी गडद झाली किंवा छातीत धडधड वाढली, तर ती थांबवून त्वरित तपासणी करावी. ताटात आधी कोशिंबीर आणि उसळ, मग भात-पोळी असा क्रम ठेवावा. मूत्रपिंडाचा विकार असल्यास प्रथिनांचे प्रमाण विचारून घ्यावे. दरमहा वजन लिहून ठेवावे. प्रयत्नांविना सहा महिने ते वर्षभरात साठ किलोंतून तीन किलो घटले, तर ते यश समजू नये. त्यामागचे कारण शोधावे.

म्हातारपणी वेळेवर लागणारी भूक हे आरोग्याचे लक्षण आहे. तिला शत्रू मानू नका.