नाट्यगृहाचे दार आणि गावचा श्रोता

गाणे घरबसल्या ऐकता येत असता जुन्या नाट्यगृहापर्यंत जावे कशाला, असा प्रश्न आमच्या वऱ्हाडात वारंवार विचारला जातो. यंत्रातून आलेले गाणेही गाणेच, हे आम्हास मान्य आहे. तथापि ज्या वास्तू ध्वनिक्षेपकापूर्वी उभ्या राहिल्या, तेथे गायकाचा आवाज शेवटच्या रांगेस पोचविण्याचे काम भिंती, छत व लाकडी रंगमंच यांनाच करावे लागे. तशा सभागृहात तंबोऱ्याची जवारी आणि शेजारच्या अनोळखी माणसाची दाद एकाच क्षणी कानी पडणे, हे सुख यंत्राच्या हाती नाही.

लोणार तालुक्यातील सुलतानपूरच्या श्रोत्याचा या दूरच्या नाट्यगृहांशी संबंध काय, असे कोणी म्हणेल. मराठी रंगभूमीस ‘वीरतनया’ने (1896) नव्या चालींचे वळण लावणारे श्रीपाद कृष्ण कोल्हटकर याच बुलढाणा जिल्ह्यात, जळगाव जामोद व खामगाव येथे वकिली करीत, हे त्यास ठाऊक नसावे. (वकिलांस गाण्याचे वावडे असते, हा समजही येथे निकालात निघतो!)

कोल्हापुरास राजर्षी शाहू महाराजांनी उभारलेले पॅलेस थिएटर 1915 मध्ये खुले झाले. पुढे त्यास केशवराव भोसले यांचे नाव मिळाले. 1921 च्या जुलैत टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्वांसह मुंबईत संयुक्त ‘मानापमान’ करणारे केशवराव ते हेच. त्याच वर्षी, अवघ्या 31 व्या वर्षी, ते निवर्तले. 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री, त्यांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी, या नाट्यगृहास आग लागली. रंगमंच व छत भस्मसात झाले. त्या वेळी आत मैफल चालू असती तर काय झाले असते, याची कल्पना ज्यांस करवत नसेल त्यांनी दिल्लीचे ‘उपहार’ चित्रपटगृह आठवावे. 13 जून 1997 रोजी तेथे 59 जीव गेले.

पुनर्बांधणीस शासनाने पैसा मंजूर केला, हे योग्यच झाले. मात्र तो पैसा सुलतानपूरच्या शेतकऱ्याचाही आहे. शिवाय तिकीट घेणारा केवळ खुर्ची विकत घेत नाही. दार लागले की तो आपला जीव व्यवस्थापकाच्या हवाली करतो. 2006 च्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियमान्वये आगीची साधने सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र दरसाल जानेवारीत व जुलैत सादर करावयाचे असते. ते सादर होऊन दप्तरात जाते. ज्याच्या जिवासाठी कायदा झाला, त्यास ते दिसत नाही. ते प्रत्येक सार्वजनिक नाट्यगृहाच्या तिकीट-खिडकीपाशी ठळक मराठी अक्षरांत, तपासणीच्या तारखेसह लावलेच पाहिजे, अशी आमची स्पष्ट मागणी आहे. यास एक खिळा व एक चौकट यांपलीकडे खर्च नाही. ज्या व्यवस्थापकास एवढ्याचाही संकोच वाटेल, त्यास श्रोत्यांनी कारण विचारावे.

आणखी एक. अकोला वा छत्रपती संभाजीनगर येथील रविवारच्या मैफली दुपारी तीनला सुरू झाल्या, तर बाहेरगावच्या माणसास परतीची शेवटची गाडी गाठता येईल. रात्रीच्या मैफलीत भैरवीचे सूर लागण्यापूर्वीच त्यास पिशवी उचलून उठावे लागते, आणि तिकिटाचा दर मात्र त्यास पूर्ण भरावा लागतो.