बांधाचा फोटो ताणू नका!



मागच्या महिन्यात एका गावच्या ग्रामसभेला गेलो होतो. भिंतीवर ६ बाय ३ फुटांचा नवा कोरा फ्लेक्स. त्यावर नालाबांधाच्या कामाचा जुना फोटो मोठा करून लावलेला. पण बांध बुटका, नाला नदीएवढा रुंद अन् टिकाव घेतलेला माणूस पिंपासारखा! एक म्हातारे बाबा म्हणाले, "साहेब, ह्यो मीच हाय, पर मलाच वळखू येईना." सगळे हसले. मला काही हसू आलं नाही.

आपल्या जिल्ह्यात पाणलोट म्हटलं की कडवंचीचं नाव निघतं. १९९०च्या दशकात इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमातून तिथे चर खोदले गेले, बांध पडले; पुढे शेततळी आली, द्राक्षबागा उभ्या राहिल्या. त्या काळात इतर गावांतही कामं झाली. तेव्हाचे फोटो रिळावरचे. ते आज कपाटातल्या गठ्ठ्यात पडून आहेत आणि रंग उडत चाललेत.

हे फोटो नुसती शोभा नाहीत. उद्या गाळाचा, दुरुस्तीचा विषय निघाला तर मूळ बांध केवढा होता, याचा अंदाज शेजारी उभ्या माणसावरूनच येणार. फोटो आडवा ताणला की ती मोजणीच खोटी पडते.

म्हणून स्कॅन करणाऱ्याला नीट सांगा. ४ बाय ६ इंची फोटो ३०० डीपीआयवर, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरून, स्कॅन केला तर १२०० बाय १८०० ठिपके मिळतात. तोच १२ बाय १८ इंच छापला की इंचाला १००च उरतात, चेहरे फुटतात. ६००वर स्कॅन करा, म्हणजे २०० राहतील. (फ्लेक्स लांबून बघतात, तिथे कमीतही भागतं.) चौकटीत बसत नसेल तर वरचं आभाळ कापा, नाहीतर कडेला जागा सोडून तिथे साल अन् गट नंबर लिहा. पण लांबी वाढली त्याच पटीत उंचीही वाढली पाहिजे. मूळ फाईल तशीच ठेवून नकलेवर काम करा. व्हॉट्सअॅपवर पाठवायची तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. नुसता फोटो पाठवला की तो बारीक होतो.

अन् स्कॅन झाला म्हणून कागदावरचा फोटो फेकू नका. निगेटिव्ह सापडली तर आधी तीच स्कॅनला द्या.

त्या गावच्या सरपंचांनी फ्लेक्स उतरवायचं कबूल केलंय. फोटो काढणाऱ्याचं घर बाबांना ठाऊक आहे. सोमवारी आम्ही दोघं निगेटिव्हचं विचारायला जाणार आहोत.