मोहफुले वेचणारा हात



एरवी मी या पानावर धानाच्या खोडकिड्याविषयी नाही तर खताच्या मात्रेविषयी लिहितो. आज हाताविषयी लिहितो. ज्या हाताने आपण नांगर धरतो, पऱ्हे रोवतो, घास उचलतो, तो हातच थांबला तर?

२०१९ च्या दिवाळीनंतर मोहाडीला आमच्या काकांना लकवा मारला. जीव वाचला, पण उजवा हात लुळा पडला. ओसरीवर बसून ते म्हणत, "आता मी कोणत्याच कामाचा नाही राह्यलो बा."

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली. काकांची नात नागपूरला ऑक्युपेशनल थेरपी शिकत होती, ती घरी परतली. मलाही तेव्हा हे शास्त्र ठाऊक नव्हते. नुसता व्यायाम करून न थांबता, माणसाच्या नित्याच्या कामातूनच त्याला पुन्हा कामाला लावायचे, हे त्याचे सूत्र. आपल्या देशात याची पहिली शाळा १९५० साली मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात कमलाबाई निंबकर यांनी काढली. बाई जन्माने अमेरिकन. फलटणची निंबकर कृषी संशोधन संस्था काढणारे बनबिहारी निंबकर हे त्यांचेच चिरंजीव. म्हणजे शेतीशी या शास्त्राचे जुने नाते आहे म्हणा ना!

पण रुग्ण समोर नसताना हे शिकवायचे कसे? पोरगी गच्चीवर चढून मोबाईलवर तास ऐकायची. तिच्या बाईंनी युक्ती केली. "घरातले एक काम निवडा, त्याचे बारीक टप्पे पाडा आणि आपलाच एक हात बांधून ते करून बघा," असे सांगितले. पोरीने ओढणीने उजवा हात पोटाशी बांधला आणि दिवसभर तशीच वावरली. संध्याकाळी म्हणाली, "आजोबा चिडतात का, ते आज समजलं."

दिवस मोहफुलांचे होते. तिने ताजी फुले सुपात पसरून काकांपुढे पाटावर ठेवली. हात पुढे नेणे, बोटे उघडणे, चिमटीत फूल धरणे, टोपलीत सोडणे, असे टप्पे पाडले. फूल रसदार, चिमूट जास्त दाबली की चेंदामेंदा. जोर किती लावायचा हे फूलच शिकवी. पहिल्या दिवशी चारच फुले टोपलीत पडली. काका म्हणाले, "राहू दे बाई." तिने सूप थोडे जवळ सरकवले. चमच्याच्या दांड्याला चिंध्या गुंडाळून तो जाड केला, म्हणजे सैल मुठीतही धरता यावा. याचे फोटो ती बाईंना पाठवी, बाई चुका दाखवीत.

आम्हीही त्या दिवसांत रोगट पानांचे फोटो पाहून सल्ला देत होतो, तेव्हा त्यातली उणीव मला कळते. स्नायू किती ताठ आहे हे पडद्यावर कळत नाही, त्याला हातच लावावा लागतो. ते ती पुढे दवाखान्यातच शिकली.

काकांनी नांगर पुन्हा धरला नाही. पण त्या पावसाळ्यात बांधावर बसून, डाव्याला उजव्याची जोड देत, रोवणाऱ्या बायांकडे ते पऱ्ह्यांच्या जुड्या सरकवीत होते. "रिकामा नाही राह्यलो," एवढेच बोलले.

बंधू-भगिनींनो, तीन गोष्टी ध्यानात ठेवा. तोंड वाकडे झाले, हात लुळा पडला, बोबडी वळली, तर झाडपाल्यात वेळ न दवडता १०८ ला फोन करा. गुठळीमुळे झालेल्या लकव्यात ठरावीक रुग्णांना देण्याचे औषध साधारण पहिल्या साडेचार तासांतच देतात. लुळा हात धरून माणसाला ओढू नका, खांदा दुखावतो. आणि डॉक्टरांना विचारून, झेपेल ते घरकाम त्या हातालाही द्या. पडीक जमीन एका पावसात पिकत नाही, पण म्हणून कोणी ती सोडून देत नाही.